ठशाआधी, ठशानंतर

मामाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामीने माझ्यासमोर श्रीखंडाचा रिकामा डबा आणून ठेवला. झाकण उघडलं तर आत चार नाणी. प्रत्येक नाणं वेगळ्या पारदर्शक पाकिटात, पाकिटाला स्टेपलरची पिन मारलेली आणि वर लाल अक्षरांत छापलेलं, ‘रेअर एरर’. डब्याच्या तळाशी एक मळका कापडी बटवाही होता, पण त्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

“तू इतिहासात एमए केलंयस ना,” मामी म्हणाली, “मग सांग, हे किती लाखांचं आहे?”

इतिहासात एमए केलेल्यांना हा प्रश्न नवा नाही. कुणाच्या माळ्यावरचं घंगाळ, कुणाच्या पणजोबांचे मोडीतले कागद, सगळं आमच्यापुढे येतं आणि सगळ्यांना आकडा हवा असतो. पण मामी गंमत करत नव्हती. मामा एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर फोनवर नाण्यांचे व्हिडिओ बघायला लागला आणि शेवटच्या दोन वर्षांत फोनवरच भेटलेल्या एका माणसाकडून त्याने ही चार नाणी घेतली. चारांचे मिळून ४१,००० रुपये. धाकटीची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी यातून निघेल, असं तो मामीला सांगून गेला होता.

ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ‘हे नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती’, मागे ढोल वाजतोय, हातात २०१२ सालचं वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं. हा बाजार एवढा वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही आणि त्यासाठी आम्ही कुणाकडून फी घेत नाही. मामाने ती बातमी वाचली असेल का, माहीत नाही. वाचली असती तरी ‘आपला माणूस तसा नाही’ असंच म्हणाला असता.

एका प्राध्यापकांनी मला एक पत्ता दिला. मुंबईत, फोर्टमध्ये, एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. तिथे एक काका बसतात. पंचाहत्तरीच्या पुढचे. नाणी विकत नाहीत, विकत घेतही नाहीत. फक्त बघून सांगतात. तिथून पाच-दहा मिनिटं चाललं की मुंबईची टांकसाळ लागते. काकांचं सगळं आयुष्य त्या इमारतीच्या आसपास गेलंय, पण आत जायला एकदाच मिळालं, असं ते हसत सांगतात.

मी चार पाकिटं टेबलावर मांडली. काकांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. आधी मला विचारलं, “यातलं कुठलं ठशाआधी बिघडलंय, कुठलं ठसा मारताना आणि कुठलं ठशानंतर?”

मला प्रश्नच कळला नाही. तो कळायला पुढचे दोन तास लागले आणि खरं सांगायचं तर एमएच्या दोन वर्षांत पुराव्याबद्दल जे शिकले त्यापेक्षा त्या दोन तासांत जास्त शिकले.

*

नाण्यातली ‘चूक’ ही कल्पना फार जुनी नाही, इथून काकांनी सुरुवात केली. त्यांनी खणातून एक शिवराई काढून माझ्या तळहातावर ठेवली. तांब्याची, जाड, वेडीवाकडी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असायला हवं. माझ्या हातातल्या नाण्यावर ‘राजा’ पूर्ण होता, ‘श्री’चं वरचं टोक उडालेलं आणि ‘शिव’मधला ‘व’ काठावरून खाली पडलेला.

“हे एरर नाणं आहे का?” काका.

म्हटलं, “असेल.”

“मग सगळ्याच शिवराया एरर.”

१६७४ च्या राज्याभिषेकानंतरची ही नाणी हाताने पाडलेली. तांब्याचा तुकडा कापायचा, खालच्या ठशावर ठेवायचा, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. ठसा मोठा आणि तुकडा लहान असला की अक्षरं बाहेर जाणारच. पुढे पेशवाईतही शिवराया अशाच पडत राहिल्या. पूर्ण मजकूर दिसणारी शिवराई मिळाली तर आजचा संग्राहक खूश होतो. पण ज्या बाईने ती देऊन बाजारातून मीठ आणलं तिला ‘व’ आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

देणंघेणं होतं ते सराफाला, आणि तेही चांदीच्या रुपयाशी. पेशवाईत टांकसाळी मक्त्याने चालत. पुण्याचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडचा वेगळा, आणि शेजारच्या राज्यांचे आणखी वेगळे. प्रत्येकातली चांदी थोडी इकडे-तिकडे, म्हणून प्रत्येक रुपयावर बट्टा वेगळा. नावाला जो बट्टा लागतो तो हाच. सराफ रुपया दगडावर वाजवायचा, तोलायचा आणि शंका आली तर छोट्याशा छिन्नीने किंवा पंचने टोचून आतली चांदी बघायचा. त्या खुणा जुन्या रुपयांवर आजही दिसतात. काही नाण्यांवर तर एवढ्या, की देवीचे व्रण वाटावेत. म्हणजे नाण्यावर ठशानंतर जे काही होतं ते सगळं लबाडीचं असतं असं नाही. सराफाची खूण ही उलट त्या नाण्याने दिलेल्या परीक्षेची नोंद आहे. कुणी रुपयाला कडी डाकून गळ्यात घातला, हाही त्याचा इतिहासच. लबाडी तेव्हा होते, जेव्हा ती कडी काढून, डाग घासून, उरलेला उंचवटा ‘टांकसाळीची चूक’ म्हणून विकला जातो. (असं एक नाणं काकांनी मला नंतर दाखवलं. भिंगाखाली डाखाचा राखाडी थेंब स्पष्ट दिसत होता.)

चूक म्हणण्यासाठी आधी सारखेपणा लागतो आणि तो यंत्राने आणला. मुंबईच्या टांकसाळीची इमारत ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले इंजिनिअर जॉन हॉकिन्स यांनी बांधली. १८२९ हे तिच्या स्थापनेचं साल मानलं जातं. वाफेवर चालणारी यंत्रं इंग्लंडहून आली, बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्याची. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारातले अकरा भाग चांदी. गोल, कडेला दाते, आणि पहिल्यासारखाच हजारावा. बट्ट्यावर जगणाऱ्या सराफांचं त्या रुपयाने काय केलं, हा वेगळा लेख होईल. इथे एवढंच, की हजार नाणी हुबेहूब सारखी निघायला लागली तेव्हाच हजार-एकावं ‘चुकलं’ असं म्हणता येऊ लागलं.

*

नाणं कसं बनतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

धातूचा लांब पट्टा असतो. त्यातून पंचने गोल चकत्या पाडतात. चकत्या भट्टीत मऊ करतात, धुतात, मग एका यंत्रात कडेने दाबून त्यांची कड किंचित उचलतात. अशी कोरी चकती प्रेसमध्ये दोन ठशांच्या मधे येते. भोवती एक पोलादी कडं असतं. वरचा ठसा जोरात खाली येतो, चकती दोन्ही बाजूंनी छाप घेते आणि पसरू पाहणारा धातू त्या कड्यात अडतो. कड्याला आतून दाते असतील तर नाण्याच्या कडेलाही येतात. सगळं एका दणक्यात, सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात.

पट्टा किंवा चकती बिघडलेली असेल तर चूक ठशाआधीची. चकती तिरकी बसली, कडं वर आलंच नाही, आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, ठशाला तडा गेला, तर चूक ठसा मारतानाची. आणि नाणं प्रेसमधून खाली पडलं की टांकसाळीची चूक करायची संधी जवळपास संपली. त्यानंतर करवत, पाना, हातोडा, ॲसिड, मुलामा किंवा रेल्वेचा रूळ.

आता गंमत अशी, की धातू या घटनांचा क्रम विसरत नाही. ठशाखाली धातू वाहतो. चकतीवर आधीपासून असलेला ओरखडा त्या दाबाखाली चेपला जातो, त्याच्यावरून अक्षर जातं. नंतरचा ओरखडा अक्षराला कापून जातो. उत्खननात थर वाचतात ना, खालचा आधीचा, वरचा नंतरचा, तसंच. फक्त इथे सगळे थर मिळून एक-दीड मिलिमीटरचे आहेत.

“चूक सुंदर आहे का, विचित्र आहे का, हे बघायचंच नाही,” काका म्हणाले. “आधी काय झालं आणि मग काय झालं, एवढंच विचारायचं. क्रम जुळला नाही तर नाणं खोटं बोलतंय.”

मग त्यांनी पहिलं पाकीट उघडलं.

*

दहा रुपयांचं, दोन धातूंचं नाणं. बाहेरचं कडं पिवळं, मधली चकती पांढरी. २००९ पासून ही नाणी चलनात आली, तुमच्या खिशात आत्ताही असेल. मामाच्या नाण्यात मधली चकती उलटी होती. म्हणजे कड्याची जी बाजू छापाची, तिथे मधे काट्याची बाजू. दिसायला भन्नाट. यासाठी त्याने ८,००० मोजले होते.

काकांना यासाठी भिंगही लागलं नाही. कडं आणि चकती आधी कोरीच असतात. कोरी चकती कोऱ्या कड्यात बसवतात आणि मग दोन्हीवर एकाच दणक्यात ठसा मारतात. त्या दाबानेच दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. चकती कोरी असताना तिला सुलटं-उलटं काही नसतंच. मग छापलेली चकती उलटी असण्याचा एकच मार्ग: ठशानंतर कुणीतरी ती ठोकून बाहेर काढली, फिरवली आणि परत दाबून बसवली. टांकसाळीत चकती सरकलेली असू शकते, नसूही शकते. पण उलटी असू शकत नाही. कुठल्याही भिंगापेक्षा हा तर्क मला जास्त आवडला. तुम्हीही तो चहाच्या टपरीवर उभं राहून लावू शकता.

दुसरं नाणं दोन रुपयांचं. एका बाजूला सिंह ठीक होते. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण खोलगट आणि आरशातल्यासारखे उलटे. याला आपल्याकडचे नाणेवाले ‘लाखी’ म्हणतात आणि खरी लाखी ही फार लोभस चूक आहे. होतं असं: एक नाणं छापून झाल्यावर खाली पडायच्या ऐवजी ठशालाच चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आत येते. आता तिच्या एका बाजूला खरा ठसा आहे, पण दुसऱ्या बाजूला ठशाच्या जागी ते चिकटलेलं नाणं. त्याच्यावरचे उठावदार सिंह कोऱ्या धातूत रुततात, म्हणून खोलगट आणि उलटे उमटतात.

इथेही क्रम बघायचा. खऱ्या लाखीत खोलगट सिंहांच्या बाजूला ‘२ रुपये’ कधी छापलेच गेले नाहीत, कारण तो ठसा चिकटलेल्या नाण्याने झाकला होता. त्यामुळे तिथे आकड्याचा मागमूसही असता कामा नये. आणि पलीकडची बाजू मात्र पूर्ण दाब बसल्याने टवटवीत हवी. काकांनी दिवा तिरका केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. उलट्या सिंहांच्या मागे, बुजलेला, चपटा झालेला ‘२’ दिसत होता. पाण्याखाली बुडालेल्या देवळासारखा. पलीकडच्या बाजूचे सिंहही चेपलेले, नाकं सपाट झालेली. म्हणजे हे नाणं आधी व्यवस्थित छापून बाहेर आलं, लोकांच्या हातात फिरलं आणि मग कुणीतरी दोन नाणी एकमेकांवर ठेवून लोहाराच्या शिकंज्यात आवळली. गॅरेजमधलं पाच मिनिटांचं काम.

मी काही बोलले नाही. काकांनी चहा मागवला.

*

तिसरं नाणं बघून मात्र मला मामाची फार आठवण आली. पाच रुपयांचं, जुनं जाडजूड, तांबं-निकेलचं. दोन्ही बाजूंना सिंह.

मामाला ‘शोले’ पाठ होता. १९७५ च्या त्या सिनेमात जय दर वेळी नाणं उडवून निर्णय घेतो आणि तो मेल्यावर वीरूला कळतं की नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या. (पन्नास वर्षांनी याला स्पॉइलर म्हणू नका.) लहानपणी सुट्टीत गेलो की मामा त्याच्या चामडी पिशवीतून नाणं काढून उडवायचा आणि “बोल, छापा की काटा?” विचारायचा. मी हरले की म्हणायचा, “जयचं नाणं आहे!” तसं नाणं त्याला खरोखर विकत मिळतंय म्हटल्यावर त्याने ६,००० रुपये का दिले, हे मला तरी कुणी समजावून सांगायची गरज नाही.

काकांनी खऱ्या पाचाचं नाणं टेबलाच्या संगमरवरावर टाकलं. टण्ण. मग मामाचं. थप्प. लाकडी बटण पडावं तसं. “सराफ मूर्ख नव्हते,” काका म्हणाले. अखंड धातू वाजतो. दोन तुकड्यांची जोड वाजत नाही. मग तराजू. ही नाणी ९ ग्रॅमची असतात. हे साडेआठही भरलं नाही. मग भिंग. कड जिथे संपते आणि सपाट भाग सुरू होतो, अगदी त्या कोपऱ्यात केसाएवढी बारीक गोल रेघ होती, नाण्याभोवती पूर्ण फिरून आलेली. एक नाणं लेथवर आतून कोरायचं, वाटीसारखं करायचं. दुसरं घासून पातळ करायचं, चकती करायची. वाटीत चकती बसवायची. जादूगारांसाठी अशी नाणी जगभर बनतात, आणि वाईट नसतात, जादूगाराने जादूसाठीच वापरली तर.

टांकसाळीत असं होणं इतकं अवघड का? कारण त्यासाठी प्रेसमध्ये वर आणि खाली दोन्हीकडे एकाच बाजूचे ठसे बसवावे लागतील. वरच्या आणि खालच्या ठशाची बैठक सहसा वेगळी असते, ती चूक होऊ नये म्हणूनच. जगात अशी खरी नाणी अगदीच मोजकी. शेकडा नव्व्याण्णव नाही, जवळजवळ शंभर वेळा तुमच्या हातातलं लेथवरचंच असतं.

चौथं पाकीट सगळ्यात महागाचं होतं. २२,००० रुपये. चांदीचा, पंचम नव्हे, सहाव्या जॉर्जचा रुपया, साल १९३९. हा काही ‘एरर’ नाही, पण विकणाऱ्याने तसं लिहिलं होतं. १९३८ चा रुपया नाणेवाल्यांकडे सहज मिळतो. १९३९ चा फार दुर्मीळ. त्याच्या पुढच्या वर्षी, १९४० मध्ये, युद्धाच्या काळात रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. त्यामुळे जुन्या भरणाच्या चांदीचा हा शेवटचा रुपया म्हणूनही त्याला मान आहे.

हा रुपया वाजला. खणखणीत वाजला. तराजूत वजन बरोबर आलं. चुंबकाला चिकटला नाही. मला वाटलं, एक तरी खरं निघालं.

काका बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, “रुपया खरा आहे. चांदी खरी आहे. मुंबईच्या टांकसाळीतलाच आहे.” आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. “नऊ बघ.”

९ च्या खालच्या गोलाचा डावा भाग नव्हता, नवाला नसतोच. पण तो जिथे नव्हता तिथला धातू नीट नव्हता. राजाच्या रुपयावरचा सपाट भाग सगळीकडे एकसारखा, काळपट झाक असलेला. आणि तिथे मात्र सुईच्या टोकाएवढ्या जागेत बारीक समांतर खरवडे, रंगाने किंचित उजळ. कुणीतरी धारदार हत्याराने ८ च्या खालच्या गोलाची एक बाजू खरवडून काढली होती. १९३८ चा १९३९ झाला होता. वजन किती घटणार? तराजूला कळेल एवढंही नाही. म्हणून आवाज, वजन, चुंबक, सगळ्या परीक्षा पास. परीक्षा नाण्याची घेतली होती आणि खोटी होती फक्त तारीख.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला यापेक्षा जवळचा फसवणुकीचा प्रकार कुठला असणार? कागद खरा, शाई खरी, सही खरी, साल बदललेलं.

*

एक आणखी प्रकार काकांनी सांगितला, तो मामाच्या डब्यात नव्हता पण तुमच्या फोनवर नक्की आहे: जे मुद्दाम केलंय तेच चूक म्हणून विकणं. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे कितीतरी वर्षं तसंच ठेवलं आणि मुंबईच्या टांकसाळीने वर्ष ओळखायला ठिपके दिले. ते ठिपके हा हिशेब आहे, डाग नव्हे. आजही सालाखाली बारीक चौकट असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. १९८५ मध्ये तर आपण काही नाणी परदेशी टांकसाळींतून पाडून आणली, त्यांच्या खुणा आणखी वेगळ्या. ‘चौकट चुकीच्या अंकाखाली आहे, एरर, एक लाख’ असं कुणी म्हणालं तर समजा की त्याला एकतर माहीत नाही किंवा फार चांगलं माहीत आहे.

आणि १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. त्यावर राजाच्या वस्त्रावर एक छोटा हत्ती आहे. सोंड आखूड पडली आणि लोकांना तो डुक्कर वाटला. केवढा गहजब झाला. पुढच्या वर्षी, १९१२ च्या रुपयावर, हत्तीची सोंड नीट करून घेतली. आज ‘डुकराचा रुपया’ संग्राहक हौसेने घेतात. पण त्यात ठसा चुकला नव्हता. ठशात जे कोरलं होतं तेच लाखो वेळा बिनचूक उमटलं. चूक कोरणाऱ्याच्या आणि बघणाऱ्यांच्या नजरेच्या मधे कुठेतरी होती. तिला काय नाव द्यायचं, यावर काका आणि मी अजून भांडतो.

*

निघताना मी डबा आवरला तेव्हा बटवा हाताला लागला. “यात काय?” काकांनी विचारलं.

बटव्यात आठ-दहा नाणी होती. पाकीट नाही, लाल अक्षरं नाहीत. बहुतेक ठशाला तडा गेलेली, छाप थोडा फिरलेली, किरकोळ. एक मात्र एसटीच्या जुन्या छापील तिकिटात गुंडाळलेलं. १९८४ चा एक रुपया, सालाखाली मुंबईची चौकट. त्याचा एक तुकडा नव्हता. उंदराने भाकरीचा घास घ्यावा तसा कडेला गोल चावा.

काका पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले.

पट्ट्यातून चकत्या पाडताना पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही, तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो. जी चकती निघते तिला आधीच्या भोकाचा कोर गेलेला असतो. मला हे लगेच कळलं, कारण मी ते लहानपणी पाहिलं होतं. तिकिटाची मशीन यायच्या आधी मामाच्या हातात पंच असायचा, टिकटिक वाजवत तो बसमधून फिरायचा. कधी गर्दीत घाईने दोन भोकं एकमेकांवर पडायची. त्यातला दुसरा गोल तुकडा नीट बघितला, तर तोही असाच चावलेला.

मग घरी कानसीने घासलेला चावा आणि हा, यांत फरक काय? काकांनी दोन गोष्टी दाखवल्या. चाव्याजवळची गव्हाची लोंबी कापलेली नव्हती. ती काठाकडे जाता-जाता ओढल्यासारखी पसरट आणि बुजरी झाली होती, कारण ठसा पडला तेव्हा तिथे पुढे धातूच नव्हता, मोकळ्या बाजूला तो वाहून गेला. करवतीने लोंबी सरळ तुटली असती. आणि दुसरं, चाव्याच्या बरोबर समोरच्या बाजूची कड पुसट होती. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला जागाच मोकळी असेल, तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. खोटं करणारा चावा बनवतो. समोरची कड बुजवायची हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

“ठशाआधी,” मी म्हणाले.

“ठशाआधी,” काका म्हणाले. “अस्सल.”

किंमत? काहीशे रुपये. असे चावे तसे पुष्कळ निघतात. टांकसाळीतली चाळणी वेड्यावाकड्या आकाराचं नाणं अडवते, पण चावलेल्या नाण्याचा व्यास तेवढाच असतो, ते निसटतं. मामाने तिकिटाच्या मागे निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, ‘कराड-चिपळूण, पाटणला चढलेल्या म्हातारीकडून, १२/८/९१.’ काकांनी नाण्याइतकाच वेळ ते तिकीट बघितलं. नाणं कुठे, कधी, कुणाकडून आलं हे लिहून ठेवणारे संग्राहक त्यांना फार भेटलेले नाहीत.

मला एकच कोडं पडलं होतं. तीस वर्षं ज्याच्या हातातून रोज हजार नाणी गेली, धावत्या बसमध्ये, उजेड नसताना, ज्याला पिशवीत हात घालून बोटांनी पाचाचं आणि दोनाचं ओळखता यायचं, तो फसला कसा? उत्तर मामीने फोनवर दिलं. विकणाऱ्याने बजावलं होतं, पाकीट उघडायचं नाही. बोटांचे ठसे उमटले की भाव उतरतो. मामाने त्या चारातल्या एकाही नाण्याला हात लावलेला नव्हता.

*

मामीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. रुपयातल्या चांदीचे किती येतील एवढं विचारलं. फीसाठी पतपेढीचं कर्ज घ्यायचं ठरलं. धाकटी मात्र पेटली होती. तिचं म्हणणं, ज्याने बाबांना विकलं तसंच आपणही ऑनलाइन टाकू. पाकिटं आहेतच, पिना परत मारू. “आपले पैसे तरी सुटतील. आपण कुठे बनवलीयेत?” मी लांबलचक काहीतरी बोलले, तिने ऐकलं नाही. मामी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग घेणाऱ्याच्या बायकोला डबा कोण उघडून दाखवणार?”

विषय संपला नाही, पण पुढे गेला नाही. मी चार कागदाचे तुकडे घेतले, प्रत्येकावर त्या नाण्याला काय केलंय ते लिहिलं, साल-तारीख घातली आणि नाणी त्यात गुंडाळून बटव्यात टाकली. उलट्या चकतीचं दहाचं तेवढं धाकटीने उचललं. मी हटकलं, तर म्हणाली, आठवण म्हणून ठेवते.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. बसमध्ये तिकिटाला सुटे नव्हते, की मुद्दामच, तिने नोटेबरोबर ते दहाचं नाणं कंडक्टरच्या हातात ठेवलं. कंडक्टर पुढच्या सीटवरच्या माणसाशी बोलत होता. त्याने खाली बघितलंही नाही, अंगठा एकदा नाण्यावरून फिरवला आणि ते तिला परत दिलं.

“ताई, हे नको. दुसरं द्या.”